विश्लेषण : दुष्काळ, चर्च आणि पाझर तलाव… बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात धान्याचे पाणी कसे झाले?

बारामती म्हटले की नीरा डावा कालवा, ऊस आणि साखर कारखाने डोळ्यांपुढे येतात. इंदापूर म्हटले की उजनीचा फुगवटा. पण या दोन्ही तालुक्यांत कालव्याच्या वरच्या अंगाला मोठा जिरायती पट्टा आहे आणि तिथला उन्हाळा टँकरच्या वेळेवर चालतो. याच पट्ट्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांनी पाझर तलावांची कामे उभी केली. त्यांची मजुरी रोख नव्हती, धान्याची होती आणि ते धान्य चर्चच्या मदत संस्थेतून आले होते. पुढे राज्याच्या जलसंधारणाच्या चर्चेत हा दुवा मागे पडला. उन्हाळ्यातील लोकसेवा म्हणजे पाणपोई आणि सरबत एवढाच अर्थ उरलेल्या काळात तो समजून घेण्यासारखा आहे.

एकाच तालुक्यात दोन उन्हाळे का?

सह्याद्री ओलांडून येणारे ढग भोर, वेल्ह्यात रिते होतात. बारामती, इंदापूरपर्यंत पोहोचेस्तोवर पर्जन्यछाया सुरू झालेली असते आणि वर्षाचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. तोही लहरी. त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. तो चुकला की रब्बीची ज्वारी गेली, आणि जनावरांचा कडबाही गेला.

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिशांनी नीरा डावा कालवा काढला. १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी वाहू लागले आणि बारामती तालुक्याचे कायमचे दोन भाग पडले. कालव्याखाली बागायत, कालव्यावर जिरायत. सुपे, मोरगाव, लोणी भापकर, मुर्टी, उंडवडी, शिर्सुफळ, पारवडी ही गावे त्या दुसऱ्या भागातली. इंदापुरातही हीच गत. १९८० मध्ये उजनी पूर्ण झाले. भीमेकाठची सुपीक गावे पाण्याखाली गेली आणि काठावर नवा ऊस उभा राहिला. पण निमगाव केतकी, शेळगाव, काझड या बाजूची शेती खडकवासला कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसते. कालव्याच्या शेपटाला पाणी शेवटी येते आणि कधी कधी येतच नाही.

उन्हाळ्याची तीव्रता मोजायला या भागात तापमापक लागत नाही. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने, बुडालेले पळसनाथाचे मंदिर वर येते. ते पाहायला गर्दी होते, मोबाइलवर चित्रफिती फिरतात. पण शेतकऱ्यासाठी ते मंदिर दिसणे म्हणजे मोटारीचा पाइप आणखी पुढे सरकवण्याची वेळ.

बारामतीत मिशन कशासाठी आले होते?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी बारामतीत काम सुरू केले. श्रीगोंदा, दौंड या शेजारच्या गावांतही त्यांचे ठाणे होते. दौंडला दवाखाना, इतरत्र शाळा आणि अनाथ मुलांचा सांभाळ, असे त्या काळच्या मिशनचे नेहमीचे स्वरूप.

या कामाची एक बाजू मात्र गोडगुलाबी नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली काही भटक्या समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि त्यांना वसाहतींत डांबले. मुंबई प्रांतात अशा काही वसाहती चालवण्याचे काम मिशनांकडे दिले गेले. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनकडे होती, बारामतीची ऑस्ट्रेलियन मिशनकडे. तिथे शाळा होती, धंदेशिक्षण होते. पण हजेरीही होती, आणि परवानगीशिवाय बाहेर पडण्याची मुभा नव्हती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हा कायदा रद्द झाला आणि हे समाज ‘विमुक्त’ झाले. सेवेचा इतिहास सांगताना हे पान गाळले तर तो इतिहास अर्धवट राहतो.

‘एपिस्कोपल’ म्हणजे कोण? बारामतीचे मिशन त्यात बसते का?

नाही. पण फरक समजला तर पुढची गोष्ट सोपी होते. ज्या चर्चचा कारभार बिशपच्या अधिकाराखाली चालतो, ते एपिस्कोपल. इंग्लंडचे अँग्लिकन चर्च, अमेरिकेतील एपिस्कोपल चर्च ही त्याची मोठी उदाहरणे. ऑस्ट्रेलियन चर्चेस ऑफ ख्राइस्टमध्ये बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते.

पुणे शहरात अँग्लिकन परंपरा जुनी आहे. गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय तिचेच. पुणेकर त्याला अजूनही ‘पंचहौद’ म्हणतात, तिथल्या पाण्याच्या पाच हौदांवरून. टिळक-रानड्यांना ज्याचे प्रायश्चित्त भोवले, ते १८९० चे चहा प्रकरण याच आवारातले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला ख्रिस्ती झाल्या, त्या याच अँग्लिकन परंपरेत. पुढे त्यांचे आणि अँग्लिकन वडीलधाऱ्यांचे फारसे जमले नाही. पण १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो निराधार मुली-बायकांना दौंड तालुक्यातील केडगावला आणले, त्यांच्यासाठी माळावर विहिरी खोदल्या, शेती उभी केली. आज ‘दुष्काळ निवारण’ म्हणून जे काही चालते, त्यातली बरीच सूत्रे केडगावच्या त्या माळावर सापडतात. आधी खायला, लगेच हाताला काम, आणि पाण्याची सोय पहिल्या दिवसापासून.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकनांसह सहा प्रोटेस्टंट प्रवाह एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या तोपर्यंत युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होत्या. त्याही यात आल्या. ज्यांच्याकडे पूर्वी बिशप नव्हता, अशा मराठी मंडळ्या बिशपच्या धर्मप्रांतात समाविष्ट झाल्या. पुणे हा असाच एक धर्मप्रांत.

मग बिशप असलेले आणि नसलेले एका तलावावर कसे आले?

‘कासा’मुळे. पूर्ण नाव ‘चर्चेस ऑक्झिलिअरी फॉर सोशल अ‍ॅक्शन’. १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेने एक मदत समिती उभी केली, तिचीच ही पुढची वाढ. उपासनेची पद्धत वेगळी, बाप्तिस्म्याचा विचार वेगळा. पण दुष्काळ, पूर, भूकंप आला की मदत एका संस्थेतून द्यायची, असा हा व्यवहारी तोडगा होता. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्च मिळून ती चालवतात आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तिच्या सदस्यांपैकी एक आहे.

कासाकडे धान्य येई ते मुख्यतः अमेरिकेतून. ‘पीएल-४८०’ या कायद्याखाली अमेरिकेचे जादा धान्य गरीब देशांना दिले जात होते. त्यातला एक हिस्सा सरकारमार्फत, तर एक हिस्सा चर्च वर्ल्ड सर्व्हिस, लुथरन वर्ल्ड रिलीफ यांसारख्या संस्थांमार्फत येई. गहू, तेल, दुधाची भुकटी. सुरुवातीला ते सरळ वाटले जाई. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळानंतर मात्र ‘फुकट वाटू नका, कामाच्या बदल्यात द्या’ हा विचार बळावला. पोट भरेल, आणि पुढच्या उन्हाळ्यात काहीतरी शिल्लकही राहील.

नेमक्या याच काळात बारामतीत दोन गोष्टी जुळून आल्या. १९६७ मध्ये शरद पवार प्रथमच बारामतीचे आमदार झाले. आणि चर्चच्या कामासाठी एडना वाझर या ऑस्ट्रेलियन मिशनरी बाई बारामतीत होत्या. कासाचे धान्य आणि गावांचे श्रम यांची सांगड घालून जिरायती गावांत पाझर तलाव बांधण्याचे काम सुरू झाले. बारामतीपासून ते शेजारच्या तालुक्यांतही पसरले. या कामांच्या अनुभवातूनच १९७१ मध्ये बारामतीत कृषी विकास प्रतिष्ठान, म्हणजे ‘अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट’, उभे राहिले. अप्पासाहेब पवारांनी पुढे ते वाढवले. आज माळेगावच्या शारदानगरला कृषी प्रदर्शन पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचे मूळ गव्हाच्या पोत्यात आहे, हे ठाऊक असते.

राजकारणाच्या अंगाने ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. तिच्यातल्या मिशनरी बाई मात्र एका वाक्यात आटोपतात.

पाझर तलाव म्हणजे नेमके काय?

नावातच सगळे आले. साधा तलाव पाणी धरून ठेवण्यासाठी असतो, पाझर तलाव ते जमिनीत सोडण्यासाठी. त्याला कालवा नसतो, पाट नसतो. ओढ्याच्या पात्रात, खाली पाणी मुरेल असा मुरूम आणि भेगाळलेला खडक असलेली जागा निवडायची. आडवा मातीचा भराव घालायचा. भरावाच्या पोटात चिकणमातीचा गाभा, जेणेकरून पाणी भरावातून निसटू नये. पाण्याकडच्या अंगाला दगडांचे अस्तर. जास्तीचे पाणी जायला बाजूने सांडवा. पावसाळ्यात पाणी साठते, हळूहळू खाली झिरपते आणि तलावाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. मार्चमध्ये तलाव कोरडा दिसला तर लोक हळहळतात. वास्तविक तो तेव्हा कोरडाच असला पाहिजे. मे महिन्यात या भागात उघड्या पाण्याची वाफ दिवसाला साधारण सेंटिमीटरभर होते. म्हणजे हेक्टरभर पसरलेल्या पाण्यातून रोज सुमारे एक लाख लिटर हवेत. ते आधीच खडकात गेलेले बरे.

काम सगळे उन्हाळ्यातले. पावसाळ्यात पात्रात भराव घालता येत नाही आणि हिवाळ्यात मजूर रब्बीत गुंतलेला. म्हणून फेब्रुवारी ते मे. टिकाव, फावडे, घमेले. मातीचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचे, धुम्मसने ठोकायचा, मग पुढचा थर. दुष्काळी उन्हाळ्यात शिंपडायला पाणी आणायचे कुठून, हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. थर नीट ठोकला गेला नाही, तर पहिल्याच मोठ्या पावसात भराव वाहून जातो.

मोजमाप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांना एक ब्रास. किती खणले, किती टाकले, त्यावर धान्य. रोख मजुरीत मुकादम, कंत्राटदार, उधारीवाला सावकार यांच्या वाटा असत. धान्य सरळ घरात जाई आणि बाईच्या हातात पडे. गव्हाची सवय नसलेल्या ज्वारीच्या मुलखात चपात्या सुरू झाल्या त्या अशा कामांवरून, असे जुनी माणसे सांगतात. १९७२ ची ‘सुकडी’ आणि लाल मिलो यांच्या आठवणी तर अजून ताज्या आहेत.

धान्याच्या बदल्यात धर्म, असा प्रकार होता का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. तो टाळण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांत नगर, पुणे भागात अनेक कुटुंबे मिशनच्या आश्रयाला आली आणि त्यातली काही ख्रिस्ती झाली, हे खरे आहे. त्यांना ‘दुष्काळातले ख्रिस्ती’ म्हणून हिणवले गेले, हेही खरे. हिणवणाऱ्यांनी त्या कुटुंबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले असते का, हा मात्र वेगळा प्रश्न.

पाझर तलावाचे गणित निराळे होते. कासाचे घोषित धोरण जात-धर्म न पाहता मदत देण्याचे आहे. शिवाय कामाची रचनाच अशी, की मजूर गावचा, जागा गावची आणि झिरपलेले पाणी कोणाच्या विहिरीत जाईल हे खडकाच्या भेगा ठरवणार. त्या भेगांना पंथ समजत नाही. लोकप्रतिनिधी, ग्रामपंचायत आणि सरकारी अभियंता या साऱ्यांच्या डोळ्यांदेखत होणाऱ्या कामात गुपचूप काही करायला फारसा वावही नसतो.

मग फायदा नेमका कोणाला झाला?

इथे खरी मेख आहे. तलाव खणला तो प्रामुख्याने भूमिहीन आणि अल्पभूधारकांनी. त्यांना मिळाले धान्य, तेही कामाच्या दिवसांपुरते. पाणी मात्र वाढले ते तलावाखाली ज्याची जमीन आहे, जमिनीत विहीर आहे आणि विहिरीवर इंजिन बसवण्याची ऐपत आहे, त्याचे. सार्वजनिक श्रमातून खासगी विहीर भरली. हा दोष एकट्या बारामतीचा नाही. महाराष्ट्रातील बहुतेक जलसंधारणाला तो चिकटलेला आहे. ‘पाणी सर्वांचे, अगदी भूमिहीनाचेही’ हा विचार पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने मांडला, तोही १९७२ च्या दुष्काळातून. माणशी अर्धा एकराचे पाणी, जमीन कितीही असो, आणि उसाला बंदी. नायगावला त्यांनी ते करून दाखवले. बारामती-इंदापूरने मात्र तो रस्ता धरला नाही.

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या दृष्टीने ही बाब आणखी टोकदार आहे. या भागातील ख्रिस्ती कुटुंबे बहुतांशी दलित पार्श्वभूमीची, म्हणजे जमीन नसलेली किंवा नावापुरती असलेली. त्यांच्याच चर्चच्या धान्यावर झालेल्या तलावाचे पाणी त्यांच्या वाट्याला फार तर पिण्याच्या विहिरीपुरते आले. तेही थोडे नव्हे. पण सेवेचा हिशेब मांडताना ‘किती तलाव झाले’ एवढेच विचारले जाते, ‘कोणाच्या शेताला लागले’ हे सहसा विचारले जात नाही.

रोजगार हमीशी याचा काय संबंध?

१९७०-७१ पासून पाऊस सलग कमी पडत गेला आणि १९७२ मध्ये राज्य कोरडे पडले. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. चर्चच्या धान्याची या आकड्यापुढे काही गणतीच नाही. एवढी माणसे पोसणे केवळ सरकारलाच शक्य होते. वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेली रोजगार हमी योजना याच काळातली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याचा पायाही तीच ठरली.

तुलनेचा मुद्दा वेगळा आहे. १९७२ च्या कामांत खडी फोडण्याचे काम प्रचंड झाले. रस्त्याकडेला खडीचे ढीग वर्षानुवर्षे पडून राहिले. त्याआधी चार-पाच वर्षे बारामतीच्या माळावर धान्याच्या मोबदल्यात टिकाऊ काम होत होते, हा अनुभव हाताशी होता. नालाबंडिंग, पाझर तलाव ही कामे नंतर रोहयोच्या यादीत मोठ्या प्रमाणावर आली. त्याचे श्रेय एकट्या कोणाला देता येणार नाही. पण ‘दुष्काळात काय बांधायचे’ या प्रश्नाचे उत्तर काही गावांना १९७२ च्या आधीच सापडले होते.

मंडळीचा उन्हाळा आज कसा असतो?

मराठी प्रोटेस्टंट मंडळीचे उन्हाळ्याचे वेळापत्रक ठरलेले असते. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ ऐन फाल्गुन-चैत्रात येतो. उत्तम शुक्रवारची दुपारी बारा ते तीनची उपासना पत्र्याच्या छपराखाली बसून ऐकणे हीच एक तपश्चर्या. ईस्टरची पहाटेची उपासना मात्र हवीहवीशी, कारण तेव्हा गारवा असतो. एप्रिल-मेमध्ये शाळांना सुटी लागली की मुलांसाठी सुटीतील बायबल शाळा भरते. आठवडा-दहा दिवस सकाळच्या वेळी गाणी, गोष्टी, हस्तकला आणि शेवटच्या दिवशी खाऊ. मुंबई-पुण्याला स्थायिक झालेली कुटुंबे याच दिवसांत गावी येतात. लग्नेही याच दिवसांत. तरुण संघ आणि महिला मंडळ यांची वर्षभराची कामे या दोन महिन्यांत उरकली जातात.

सेवेचे स्वरूप आता लहान झाले आहे. परदेशी मिशनरी गेले, परदेशी धान्यही थांबले. देश धान्यात स्वयंपूर्ण झाला, त्यामुळे ते थांबणे चांगलेच. परदेशी देणग्यांवरचे नियमही कडक झाले. उरते ते मंडळीचे स्वतःचे दानार्पण. त्यातून रक्तदान शिबिर, आजाऱ्यांना भेटी, गरजू मुलांची फी, वह्या आणि दारात पाण्याचे रांजण. यात चर्च वेगळे काही करते असेही नाही. गणेश मंडळांची पाणपोई असते, मशिदीबाहेर थंड पाणी असते. आणि उन्हाळा सरताना तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा पाण्याचा टँकर कोणी उभा केला हे वारकरी विचारत नाही.

ते तलाव आज कुठे आहेत?

आहेत, पण गाळाने भरलेले. मातीच्या तलावात दर पावसाला वरच्या शिवाराची माती येते. गाळाचा थर साचला की तळ लिंपला जातो आणि पाझर तलाव पाझरायचा थांबतो. मग पाणी मे महिन्यापर्यंत दिसत राहते, लोक खूश होतात आणि विहिरी मात्र कोरड्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या तलावाची देखभाल कोणी करायची, हे तेव्हा कोणी लिहून ठेवले नव्हते. धान्य देणारी संस्था काम संपल्यावर निघून गेली. ग्रामपंचायतीकडे पैसा नव्हता. सरकारच्या दप्तरी काही तलावांची धड नोंदही नसे.

दुसरे कारण ऊस. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी मावते ते फार थोडे. वरच्या झिजलेल्या थरात आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्के. ढोबळ हिशेब करून पाहा. एक एकर क्षेत्र, एक मीटर जाडीचा थर आणि दोन टक्के पाणी धरले, तर हातात येते सुमारे ८१ हजार लिटर. दहा हजार लिटरचे आठ टँकर. एक एकर उसाला वर्षाला दोन मीटर उंचीइतके पाणी दिले, तर लागतात सुमारे ८० लाख लिटर. म्हणजे एका एकर उसासाठी शंभर एकराच्या शिवाराखालचा एक मीटर खडक रिकामा करावा लागतो. पाझर तलावाने वाढवलेले पाणी ज्वारी, हरभरा, कांदा आणि पिण्यासाठी पुरेसे होते. इंदापूरच्या डाळिंबालाही ठिबकवर पुरले. उसाला ते पुरणे शक्यच नव्हते. विहिरी आटल्या, मग विंधन विहिरी आल्या. त्या पाचशे, सातशे फुटांपर्यंत गेल्या, जिथे पाझर तलावाचे पाणी पोहोचतच नाही.

जनाई-शिरसाई आणि पुरंदर उपसा योजनांनी काही गावांना दिलासा दिला आहे. पण उपशाचे पाणी विजेवर आणि वीजबिलावर चालते. २०२३ च्या पावसाळ्याने दगा दिला, तेव्हा राज्याने जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. पुढच्या उन्हाळ्यात ११७ टीएमसीचे उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेले. मृतसाठ्यातले पाणीही निम्म्याहून अधिक संपले.

आता काय करता येते?

गाळ काढणे. २०१७ पासून राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. यंत्राचा खर्च योजनेतून आणि गाळ वाहून नेण्याचे काम शेतकऱ्याकडे, अशी तिची मूळ कल्पना. तलावातला गाळ हलक्या माळजमिनीवर पसरला तर जमीन सुधारते. एका खर्चात दोन कामे. अडचण वाहतुकीची. ट्रॅक्टर असलेला शेतकरी गाळ नेतो, नसलेला पाहत राहतो. पुन्हा तोच जुना प्रश्न, फक्त घमेल्याच्या जागी ट्रॉली.

स्थानिक संस्थांना, मग ती मंडळी असो, देवस्थान असो की गणेश मंडळ, हातभार लावण्याजोगी जागा इथेच आहे. लहान शेतकऱ्याच्या पाच-दहा ट्रॉल्यांचे डिझेल उचलणे, तलावाचा सांडवा तपासून घेणे, खालच्या पाच विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला दोरीने मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिणे. यातले काहीच परदेशी धान्यावर अवलंबून नाही. मोजणी सुरू करायला तर फक्त दोरी, दगड आणि वही लागते.

वेळ मात्र मोजकी आहे. तलाव कोरडा पडल्यापासून मृग नक्षत्रापर्यंत, म्हणजे फार तर सत्तर-ऐंशी दिवस. त्यातही गाळ वरून वाळलेला आणि आतून ओला असतो, यंत्र रुतते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच बहुतेक ठिकाणी पोकलेन आत उतरू शकते आणि ७ जूनच्या आत भरावाजवळची उकरलेली माती पुन्हा दाबून घ्यावी लागते. गाळ काढताना चिकणमातीचा गाभा उघडा पडला, तर पुढच्या पावसात तलावच जातो. त्यामुळे भरावापासून किती अंतर सोडून खणायचे, हे जलसंधारण विभागाच्या अभियंत्याकडून आधी आखून घेणे आणि चुन्याची रेघ मारून मगच यंत्र उतरवणे गरजेचे आहे.